घोड्याखालचं कुत्रं

दादा,

पितळ्या आज पुन्हा उठला. भर दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, रस्त्यावर माणूस नाही. दुकानाच्या पायरीवर पसरलेलं ते कुत्रं एकदम उठून आत आलं, तुझ्या खुर्चीपुढं उभं राहिलं आणि शेपटी हलवायला लागलं. मी म्हटलं, "कुणाला रे?" तर माझ्याकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. खुर्चीकडंच बघत होतं. मग पुढच्या पायांवर डोकं ठेवून तिथंच बसलं, तू असताना बसायचं तसं. मी आत जाऊन पाणी प्याले. दोन तांबे, तुझ्यापासून काय लपवू.

तुला येताजाता 'मेल्या' म्हणायची माझी सवय. चहा गार झाला, मेल्या. कुठं उलथला होतास, मेल्या. तू गेल्यापासून तो शब्द ओठावर येतो आणि तिथंच अडकतो. आता तुला काय म्हणून हाक मारायची तेच कळत नाही. म्हणून हे लिहिते आहे, लिहिताना नुसतं 'दादा' म्हटलं तरी भागतं.

दुकान मी बंद ठेवलेलं नाही. धाकट्यानं चाकणहून फोन करून सांगितलं, "ताई, भंगारवाल्याला बोलाव, एकदाच काय ते घेऊन जाईल." भंगार म्हणाला! मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही, तू ऐकलं असशीलच. हल्ली मला वाटतं तू सगळं ऐकतोस. हंडे, घंगाळी, समया, पानाचे डबे, कुणाच्या तरी माजघराच्या कोरीव चौकटी, सगळं आहे तिथंच आहे. प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव. सौ. द्रौपदीस मामाकडून. चि. सोनूबाईस आईकडून. तू म्हणायचास, "सुमे, आपलं दुकान कधी रिकामं नसतं बघ, गिऱ्हाईक नसलं तरी माणसं असतात." मी हसायचे. आता संध्याकाळी दिवा लावताना त्या नावांकडं बघायचं टाळते. इतके दिवस ती परक्या मेलेल्यांची नावं होती. आता त्यांच्यात आपला एक माणूस गेला.

आणि तो आवाज येतो. तू खिशात किल्ल्या खुळखुळवत यायचास ना, तो. दिवाळीनंतर तर फारच खुळखुळायचास. मी विचारलं, "काय आहे रे खिशात एवढं?" तू म्हणालास, "किल्ल्या." त्या किल्ल्या आता माझ्या कमरेला आहेत. तरी आवाज मागच्या खोलीतून येतो.

माझ्या सासरी वाईट दिवस आले, ह्यांची नोकरी गेली, तेव्हा तू काही विचारलं नाहीस, सांगितलं नाहीस. एक दिवस दारात येऊन म्हणालास, "मला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही. तू बसत जा दुकानात." मला! गोड बोलायला! आख्ख्या जुन्नरात माझ्या तोंडाला लागायला कुणी धजत नाही, हे तुला माहीत नव्हतं का? पण तू तोंड इतकं गंभीर केलंस की मी पदर खोचून आले आणि आजवर इथंच आहे. उपकार केले असं तू एकदाही वाटू दिलं नाहीस. आभार मानायचे राहिले, ते आता मानते, हे किती सोपं झालंय बघ. तू 'चल गं' म्हणून उडवून लावायला नाहीस.

तुझ्यासारखा अँटिकवाला मी दुसरा बघितला नाही. मुंबईची माणसं यायची, "हे किती जुनं?" विचारायची, आणि तू ठोकून द्यायचास. आजोबांच्या लग्नातला बंब सरळ पेशव्यांच्या न्हाणीघरात नेऊन ठेवायचास. खोडदला घंगाळ आणायला गेलो होतो, तिथल्या दुर्बिणीच्या त्या अवाढव्य अँटेना बघून म्हणालास, "हे पण आपल्याच धंद्यातले. आकाशातला जुना माल गोळा करतात म्हणे." अशा थापा तू हसत मारायचास आणि मी हसत ऐकायचे. पण एक नेम तू कधी मोडला नाहीस. देव उतरवून घेतल्याशिवाय कुणाच्या घरचा देव्हारा उचलायचा नाही. घरातल्या बाईनं स्वतःच्या हातानं देव बाहेर काढले पाहिजेत, मगच आपला हात लागायचा.

मढचा तो देव्हारा तेवढा तसा आला नाही. घरात बाईमाणूस नव्हतं. एक पोरगेला बाप्या होता, भोसरीला नोकरीला, म्हणाला, देव कधीच नव्या घरी नेलेत, आता लाकूड तेवढं न्या. तू आणलास. इथं पुसताना खालचा खण ओढला तर फडक्यात गुंडाळलेला चांदीचा टाक. पत्र्यावर ठोकून उठवलेली आकृती, घोड्यावर बसलेला माणूस. पिढ्यान् पिढ्या चिंचेनं आणि राखेनं घासून घासून नाक-डोळे पार सपाट झालेले. मी म्हटलं, "दादा, हे परत दे. हा कुणाच्या तरी घरातला वीर दिसतो." घरातलं कुणी अवेळी गेलं, की त्याचा असा टाक करून देवात बसवतात, हे का मी तुला सांगायचं? तू उन्हात धरून बघितलास आणि म्हणालास, "वीर नाही. खंडोबा आहे. हे बघ घोड्याखाली कुत्रं."

मी बघितलं. मला एक पोचा दिसला.

"आणि म्हाळसा कुठं आहे? खंडोबाच्या मागं घोड्यावर म्हाळसा असते."

"झिजली."

"बायको झिजली आणि कुत्रं तेवढं शाबूत राहिलं? वा रे वा!"

"बायका झिजतातच, सुमे. घोडेगावच्या आत्याला बघ."

हसण्यावारी नेलंस. आणि त्याच आठवड्यात पुण्याचे ते नवरा-बायको आले, देव्हारा त्यांना पसंत पडला, टाकावर तिची नजर गेली. "हा कोण?" "खंडोबा," तू म्हणालास. तिनं तिथल्या तिथं हात जोडले. मी मागं उभी होते. वीराला गिऱ्हाईक नसतं, दुसऱ्याच्या घरातलं मेलेलं माणूस कोण विकत नेईल? खंडोबा म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. तुला हे पक्कं ठाऊक होतं, आणि मला ठाऊक होतं की तुला ठाऊक आहे. देव्हारा आणि टाक घेऊन गाडी बोळातून गेली आणि आपलं भांडण सुरू झालं, ते तू जाईपर्यंत संपलं नाही. कुत्रं होतं की नव्हतं. तुला ते दिसलं होतं, की तू ते गिऱ्हाइकासाठी उभं केलं होतंस.

मग दिवाळीनंतर ती बाई आली. बायजाबाई. मढहून एसटीनं. दुकानात पाय ठेवला आणि म्हणाली, "आमचा नवरदेव तुमच्याकडं आलाय."

मी म्हटलं, "बाई, नवरदेव पाहिजे असेल तर मंगल कार्यालय पुढच्या बोळात. इथं जुनी भांडी मिळतात."

ती हसली नाही. पायरीवर बसली. पितळ्या उठून तिच्या पायाशी जाऊन बसला, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "चांदीचा हाय. देव्हाऱ्याच्या खालच्या खणात व्हता. मी लेकीकडं गेले व्हते, नातवानं समदं इकलं. त्याला काय म्हाईत?" तिच्या आजेसासऱ्याचा धाकटा भाऊ तो. अंगाला हळद लागली आणि लग्नाच्या आदल्या रात्रीच माणूस गेला. "लगीन लागलंच न्हाई. म्हनून त्याला नवरदेव म्हनत्यात. घरात कुनाचंबी लगीन असू द्या, पयली हळद त्याची. उरली ती आमची. आता वैशाखात नातवाचं हाय. त्याच्या बिगर हळद सुरू कुटून करायची, भाऊ, तुमीच सांगा."

तुझ्या हातातला चहा कलंडून विजारीवर सांडला, तरी तुला कळलं नाही. "आणून देतो, मावशी," म्हणालास. ती गेल्यावर मी काही बोलायच्या आतच तू म्हणालास, "कुत्रं होतं, सुमे."

पुण्याला गेलास. परत आलास तेव्हा चप्पल न काढता खुर्चीत बसलास. त्यांच्या घरी पोरगं जन्मलं होतं. नाव मल्हार. "म्हणतात, तुमच्या खंडोबानंच दिला. दर रविवारी भंडारा उधळतात त्याच्यावर. मी खरं सांगितलं तर बाई रडायलाच लागली, म्हणाली, देव कुणी परत मागतं का?" नंतरही जात राहिलास. शेवटी त्यांनी दार उघडायचं बंद केलं.

तेव्हापासून तू तू राहिला नाहीस. दुकानात बसल्या बसल्या म्हणायचास, "हळदीचा वास येतोय का गं?" मला नाही यायचा. खुर्चीतून उठून स्टुलावर बसायचास, विचारलं तर म्हणायचास, "बसू दे त्याला." मी झिडकारायचे, कारण मला भीती वाटायची. भीती वाटली की मी ओरडते, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

आणि मग तू ते केलंस. घोडेगावच्या सोनाराकडून तसाच नवा टाक करून घेतलास, तो जुना केलास आणि मढला जाऊन बायजाबाईच्या हातात ठेवलास. सगळं झाल्यावर मला सांगितलंस. "आधी दाखवला असता तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं," म्हणालास. तिनं घेतला, कपाळाला लावला, तुला जेवू घातलं. मला वाटलं आता तरी सुटला. पण तू आणखीच वाळत गेलास. "खोट्याला हळद लागणार, सुमे. खरा तिकडं कोरडाच राहणार. वैशाखाच्या आत त्याला आणला पाहिजे." तेवढं एकच तुझ्या डोक्यात होतं.

त्या सकाळी मी म्हटलं, "आता पुरे. खरं कबूल कर आणि मोकळा हो. तुला माहीत होतं तो वीर आहे. गिऱ्हाईक दिसलं, म्हणून तू त्याचा खंडोबा केलास." तू शर्टाची बटणं लावत होतास. "आईच्यान सांगतो, कुत्रं होतं." मी म्हटलं, "आईला मध्ये आणू नकोस." एवढंच. दुपारी तू गेलास, कायमचाच. आपल्या दोघांत शेवटचं जे काही राहिलं ते हे, एक कुत्रं आणि आई.

तेराव्याला घोडेगावची आत्या आली. जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "त्याचा टाक करावा लागंल. बिनलग्नाचा गेलाय. न्हाई केला तर फिरत राहील." धाकटा खाली बघायला लागला. त्याच्या फ्लॅटमधलं देवघर म्हणजे भिंतीवरची संगमरवरी फळी, आणि त्याची बायको आत्याचं ऐकूनच दचकली होती. राहिले मी. पण सासरच्या देवात माहेरचा माणूस बसत नाही, दादा. आमचे हे काही म्हणाले नसते. पण देव्हारा त्यांच्या घराण्याचा, तिथं तुला कुणी ओळखलं नसतं. आयुष्यभर तू लोकांचे देव्हारे वाहिलेस, आणि तुला ठेवायला आपल्याकडं वीतभर जागा निघेना. आत्या मला म्हणाली, "तुझ्या हातात काय हाय, पोरी." मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि धुतच बसले.

त्यानंतर पितळ्याचं उठणं सुरू झालं. आणि खुळखुळ.

चैत्र लागला तसं मला राहवेना. खऱ्याला आणणं माझ्या हातात नव्हतं, पुण्याला फोन केला तो त्यांनी ठेवून दिला. पण खोट्याला हळद लागायच्या आत त्या बाईला सांगणं माझ्या हातात होतं. शिव्या देईल, देऊ दे. मढची एसटी धरली. खिंड ओलांडली, धरणाचं पाणी दिसायला लागलं, तेव्हा वाटलं की शेजारच्या सीटवर तू आहेस आणि म्हणतो आहेस, "कशाला जातेस, सुमे, तिचा विश्वास बसलाय." मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, गप बस. पुढच्या बाईनं वळून बघितलं.

बायजाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तू गेल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. माझा हात धरून बसवलं, गुळाचा चहा दिला. मी घोट घेतला नाही. म्हटलं, "मावशी, तुमच्याकडं आहे तो तुमचा नवरदेव नाही. माझ्या भावानं नवीन करून आणला होता."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

आत गेली आणि तांब्याच्या ताम्हनात तो घेऊन आली. "आमच्या नवरदेवाला कुत्रं न्हवतं."

दादा, मी तो टाक तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. उन्हात धरला. घोडा, घोड्यावर माणूस. आणि घोड्याच्या पुढच्या पायांमध्ये कुत्रं, कान उभे, शेपूट वर. तू तो खिशात घालून हिंडलास, किल्ल्यांबरोबर, सुट्ट्या पैशांबरोबर, जुना दिसावा म्हणून. तीच ती खुळखुळ. माणसाचं तोंड घासून गेलं होतं, पण कुत्रं स्पष्ट होतं.

मला बसल्या जागी रडू फुटलं. त्या बाईला काय वाटलं असेल कोण जाणे. अरे, तिला फसवायला टाक केलास ना? मग तो मुळासारखाच करणार. तुला माहीत असतं की मूळच्याला कुत्रं नाही, तर तू त्या सोनाराला कुत्रं काढायला कशाला सांगितलं असतंस? तू त्याला सांगितलंस, कारण तुला ते दिसलं होतं. अगदी खरं दिसलं होतं. पायात कायम एक कुत्रं घेऊन वावरणारा माणूस तू, तुला त्या पोच्यात कुत्रंच दिसणार. चुकलास. पण खोटं बोलला नव्हतास. आणि मी तुझी शेवटच्या सकाळची आईची शपथसुद्धा खरी मानली नाही.

थोड्या वेळानं मी विचारलं, "माहीत होतं, तर घेतलात कशाला?"

"तुझ्या भावाचं त्वांड बघवना. लई काकुळतीला आला व्हता. म्हनलं, घ्यावं. आन् कुत्रं बघून मला हासूच आलं. म्हनलं, इतकी वरसं एकला व्हता नवरदेव, आनलं असंल सोबतीला."

मग मी तिला सगळं सांगितलं. खरा नवरदेव पुण्यात खंडोबा होऊन बसलाय. त्याच्या नावानं पोराचं नाव मल्हार ठेवलंय. दर रविवारी त्याच्यावर भंडारा उधळतात. माझी मान वर होईना. बायजाबाईनं सूप बाजूला सारलं. मला वाटलं, आता रडते. ती म्हणाली, "भंडारा म्हंजी हळदच की गं."

हे तुझ्या डोक्यात आलं नाही, दादा, आणि माझ्याही नाही. तू त्याच्या हळदीसाठी झुरून गेलास आणि तिकडं त्याला दर रविवारी हळद लागत होती.

"आन् खंडोबाला बायका दोन," बायजाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत होती. "एकीसाठी मेला बिचारा, आन् दोन मिळाल्या! ऱ्हाऊ द्या त्याला तकडं. हितं आमच्यात नुसता मेलेला व्हता, तकडं देव झाला. वैशाखात त्याच्या नावानं पाटाव हळद ठिवीन, त्येला पोचंल."

ताम्हनातला टाक आम्हा दोघींच्या मध्ये होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. "मंग ह्यो कोन म्हनायचा? आमचा न्हाई, देव न्हाई."

मी पदरानं ताम्हनाची कड पुसत राहिले. 

"तुझ्या भावाचं लगीन झालं व्हतं का?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"मंग ऱ्हाऊ दे हितंच," बायजाबाई म्हणाली, आणि ताम्हन उचलून आत देवापुढं ठेवून आली.

तर दादा, वैशाखात तुला हळद आहे. मढला. मीही जाणार आहे, नवरदेवाची बहीण म्हणून जाणार आहे, बायजाबाईनं तसंच बोलावलंय. आता दुकानात नुसता खुर्चीत बसून राहू नकोस. पितळ्याला तुझ्या नावानं दोन घास जास्त घालते, तू त्याची काळजी करू नकोस. आणि आपलं ते भांडण मी मिटवून टाकलं आहे. मूळच्या टाकावर कुत्रं नव्हतं, मेल्या. पण तुझ्या घोड्याखाली आहे. मी बोट फिरवून बघितलंय.

तुझी,
सुमी